ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तापमानाचा सेन्सर बसवताना : तयारी, क्रम आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारं मीटर आता तालुक्याच्या गावातल्या गाड्यांमध्येही दिसू लागलं आहे. पण त्यातल्या बऱ्याच मीटरांचा आकडा खोटा असतो. कधी सेन्सर चुकीच्या जागी बसवलेला असतो, कधी त्याच्या थ्रेडवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे असतात, तर कधी मीटर एका कंपनीचं आणि सेन्सर दुसऱ्याच कंपनीचा असतो. खोट्या आकड्यापेक्षा मीटर नसलेलं बरं. काटा ८५ वर दिसला की माणूस निर्धास्तपणे गाडी चिखलात रेटत राहतो आणि आत तेल करपत असतं.

आपल्याकडे हे जास्त महाग पडतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या भागात पारा ४५ च्या वर जातो. हवाच इतकी तापलेली असली की कूलर तेलाला फारसं थंड करू शकत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी रुतली की इंजिन फिरतं, चाकं रेंगाळतात, आणि मधली सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) उष्णता होऊन तेलात उतरते. म्हणून सेन्सर बसवायचाच असेल तर नीट बसवा. खाली दिलेला क्रम मोडू नका.

टप्पा १ : गिअरबॉक्स कोणता आहे ते आधी पाहा

गाडीला क्लच पेडल नाही म्हणजे सेन्सर लावता येतोच, असं नाही. अल्टो के१०, वॅगन-आर, नेक्सॉन यांच्या एएमटी मॉडेलांत आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडी क्लच प्लेट असते. क्लच आणि गिअर हलवायचं काम फक्त मशीन करतं. तिथे तेलाचा कूलर नाही, टॉर्क कन्व्हर्टरही नाही. तिथे तापते ती क्लच प्लेट, आणि तेलातल्या सेन्सरला ते कळणार नाही. अशा गाडीवर पैसे घालवू नका.

हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्ससाठी आहे. थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा यांची ऑटोमॅटिक मॉडेलं यात येतात. सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला) बहुतेक पायऱ्या लागू पडतात, पण तिचं तेल वेगळं असतं आणि ते एटीएफमध्ये, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकच्या तेलात, मिसळायचं नसतं.

दुसरी गोष्ट. आजच्या बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये कंपनीचा स्वतःचा तापमान सेन्सर आत असतोच. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून तो आकडा वाचता येतो का, ते आधी बघा. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे आकडे दाखवतात. गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा त्या कंपनीच्या कोडमधून वाचावा लागतो, म्हणून तुमच्या मॉडेलला चालणारं अ‍ॅप किंवा स्कॅनर निवडा. तो आकडा मिळाला तर चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवायची गरजच नाही. गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. चेंबरला भोक पाडल्यावर वॉरंटीचा दावा टिकणं अवघड आहे.

टप्पा २ : जागा ठरवणं

सेन्सर कुठे बसवला यावर आकड्याचा अर्थ ठरतो, आणि लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात.

गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपात सेन्सर लावला तर कन्व्हर्टरमधून निघालेलं सर्वांत गरम तेल दिसतं. तिथला आकडा फार उड्या मारतो. चिखलदऱ्याचा घाट चढताना एका वळणावर काटा चढतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर उतरतो. काय चाललंय ते कळतं, पण सवय नसलेला माणूस घाबरतो.

कूलरमधून परत येणाऱ्या पाइपात लावला तर थंड झालेलं तेल दिसतं. ही जागा फसवी आहे. गिअरबॉक्स आतून उकळत असला तरी आकडा समाधानकारक दिसतो. पाइपाला टी लावणं सोपं, चेंबर उतरवावं लागत नाही, म्हणून काही जण हीच जागा निवडतात. निवडू नका.

प्रेशर तपासण्याच्या पोर्टमध्येही सेन्सर बसतो, पण तिथे तेल वाहत नाही, साचून राहतं. आकडा उशिरा हलतो.

चेंबरमधलं तेल म्हणजे पंप जे ओढून सगळ्या गिअरबॉक्सला पुरवतो ते. तिथला आकडा स्थिर आणि भरवशाचा असतो. सेन्सर चेंबरमध्येच बसवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चेंबरमध्ये नेमका कुठे? बाजारात ड्रेन बोल्टच्या जागी बसणारे अडॅप्टर मिळतात आणि ते सर्वांत सोपे. पण ड्रेन बोल्ट खाली तोंड करून असेल तर सेन्सर आणि वायर जमिनीच्या दिशेने लोंबतात. डांबरी सडकेवर ते चालून जाईल. कापूस निघालेल्या वावरातून गाडी नेली की पऱ्हाटीचा कापलेला खुंट सेन्सरचं डोकं सहज उडवतो, आणि मग सगळं तेल धुऱ्यावर. गाडी वावरात जाणार असेल तर चेंबरच्या मागच्या बाजूच्या उभ्या भिंतीला सॉकेट (सेन्सर फिरवून बसवायची आट्यांची कडी) लावून घ्या. पुढून येणारे दगड आणि खुंट तिथे लागत नाहीत.

इशारा : चेंबर प्लास्टिकचं असेल, जसं झेडएफच्या ८ गिअरवाल्या बऱ्याच गिअरबॉक्सांत असतं, तर त्याला हात लावू नका. काही गिअरबॉक्समध्ये ड्रेन बोल्टच्याच आत तेलाची पातळी ठरवणारी उभी नळी असते. तिथे अडॅप्टर लावला तर पातळी तपासायची सोयच जाते. बोल्ट खोलण्याआधी तुमच्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका पाहा.

टप्पा ३ : थ्रेड जुळवणं

या कामासाठी मिळणाऱ्या बहुतेक सेन्सरांना १/८ एनपीटी (अमेरिकी पाइप थ्रेड) असतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पितळी फिटिंगं मात्र बीएसपी (ब्रिटिश पाइप थ्रेड) असतात. दोन्हींवर १/८ असंच म्हणतात, दिसायलाही सारखी दिसतात. पण एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन, तर बीएसपीला इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन.

घोटाळा असा होतो की एनपीटीचा सेन्सर बीएसपीच्या फिटिंगमध्ये काही आटे हाताने छान जातो, मग घट्ट होतो. मेकॅनिकला वाटतं बसला. थंड असताना गळतही नाही. तेल ९० अंशांना पोचलं की आट्यांमधून पाझरायला लागतं. मग तो आणखी आवळतो, पितळ चिरतं आणि सेन्सरचं डोकं हातात येतं.

म्हणून सेन्सरसोबतच त्याच थ्रेडचं वेल्डिंगचं सॉकेट मागवा, लोखंडी चेंबरला लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला अ‍ॅल्युमिनियमचं. नसेल मिळत तर लेथवाल्याकडे सेन्सर घेऊन जा आणि १/८ एनपीटीच्या टॅपनेच सॉकेट करून घ्या. त्याच्याकडे तो टॅप नसेल तर नागपूर-अमरावतीहून मागवा. "जवळपास सारखाच आहे" हे ऐकून घेऊ नका.

तपासा : थ्रेड गेजचं पान सेन्सरच्या आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरा. पान आणि आटे यांच्यातून कुठेही उजेड दिसता कामा नये.

टप्पा ४ : मीटर आणि सेन्सर टेबलावर तपासणं

गाडीखाली जाण्याआधी हे करा. याला तासही लागत नाही, आणि नंतर चेंबर पुन्हा उतरवण्याचा सगळा खर्च वाचतो.

मीटरला बॅटरीचं १२ व्होल्ट फ्यूजमधून द्या, अर्थ जोडा, सेन्सरची वायर मीटरला लावा. एका वायरचा सेन्सर असेल तर त्याची अर्थ त्याच्या पितळी अंगातूनच जाते, म्हणून अंगाला एक वायर बांधून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. मग पातेल्यात पाणी उकळायला ठेवा आणि सेन्सरचं टोक पातेल्याच्या तळाला न टेकवता पाण्यात धरा. विदर्भाच्या सपाट भागात पाणी सुमारे ९९ अंशांना उकळतं. काटा ९५ ते १०२ मध्ये आला तर जोडी बरोबर आहे. ८० किंवा १२० दाखवत असेल तर मीटर आणि सेन्सर एकमेकांचे नाहीत. प्रत्येक कंपनीच्या सेन्सरचा रोध तापमानाप्रमाणे वेगळ्या प्रमाणात बदलतो. ट्रकचा पाण्याचा सेन्सर ऑटोमॅटिकच्या मीटरला जोडणं यासाठीच चुकीचं आहे.

अमेरिकी मीटर बहुधा फॅरनहाइटमध्ये असतं. १७५ म्हणजे सुमारे ७९ अंश सेल्सिअस, २०० म्हणजे ९३, २२० म्हणजे १०४ आणि २५० म्हणजे १२१. मीटरच्या काचेजवळ ही चार जुळणी चिकटवून ठेवा. गाडी घरातलं दुसरं कोणी चालवत असेल तर फार उपयोग होतो.

टप्पा ५ : तेल काढणं आणि चेंबर उतरवणं

गाडी सपाट जागी उभी करा. गिअर पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली. गाडी घोडीवर (गाडीखाली टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका. मातीच्या अंगणात घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा द्या. काळी माती वरून टणक दिसली तरी वजनाने घोडी एका बाजूला रुतते. गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प मिळत असेल तर तिथेच करा.

तेल कोमट असावं, गरम नको.

इशारा : ड्रेन बोल्टला पाना लावण्याआधी तेल भरायचा बोल्ट ढिला करून पाहा. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये हा बोल्ट बाजूला असतो आणि वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे अडकलेला असतो. तेल काढून झालं आणि भरायचा बोल्टच उघडला नाही, तर गाडी जागेवरून हलत नाही.

निघालेलं तेल स्वच्छ, माप असलेल्या भांड्यात धरा आणि किती लिटर निघालं ते लिहून ठेवा. तेल नीट बघा. लालसर-तपकिरी चालेल. काळं आणि करपल्याचा वास येत असेल तर आत क्लच जळत आहेत. गुलाबी दुधासारखं फेसाळ तेल निघालं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय. या दोन्हीत सेन्सरचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते दुखणं दुरुस्त करा.

चेंबरचे बोल्ट तिरक्या क्रमाने ढिले करा. आत अजून तेल असतं, ते अंगावर येतं. चेंबरच्या तळाशी चुंबक असतात. त्यांची जागा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुंबकांवर काळी बारीक लेप असते, ती नेहमीची. चकचकीत कण किंवा तुकडे दिसले तर काम थांबवून जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

टप्पा ६ : सॉकेट बसवणं

भोक पाडण्याआधी आतली जागा मोजा. चेंबरच्या वर फिल्टर असतो आणि सेन्सरचं टोक त्याला लागलं तर फिल्टर फाटतो. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, ठरवलेल्या जागी आत ठेवा आणि चेंबर चार बोल्टांनी हलकं लावून परत काढा. क्ले जितकी जाड उरली तितकी जागा. सेन्सरच्या टोकापासून फिल्टरपर्यंत ८ ते १० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. भोक असं धरा की टोक तेलात पूर्ण बुडालेलं राहील. चढावर तेल मागेपुढे सरकतं, म्हणून फार वर नको.

चेंबर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. पेट्रोलने धुवून लगेच वेल्डिंगला नेऊ नका. कोपऱ्यात राहिलेली वाफ भडकते. चुंबक आधी काढलेले असावेत. वेल्डिंग चेंबर गाडीपासून वेगळं असतानाच करायचं. गाडीवर असताना केलेल्या वेल्डिंगने ईसीयू (गाडीचा कंप्युटर) जाऊ शकतो, आणि आग लागू शकते ती वेगळीच.

वेल्डरला सांगा की एकदम ओढू नको, थोडं-थोडं टाक आणि मध्ये थंड होऊ दे. पत्रा पातळ असतो, एकदम तापला की चेंबरची कड वाकते आणि पॅकिंग कधीच बसत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर असेल तर त्यासाठी टिग वेल्डिंग येणाराच माणूस हवा.

तपासा : कड काचेच्या सपाट तुकड्यावर पालथी ठेवून कुठे डुगडुगते का पाहा. मग वेल्डिंगला बाहेरून खडू फासा, सॉकेटचं तोंड प्लगने बंद करा, आत थोडं डिझेल ओता आणि चेंबर तिरपं धरून ते वेल्डिंगवर राहू द्या. अर्ध्या तासाने खडूवर ओला डाग दिसला तर तिथे सूक्ष्म भोक आहे. बंद करून घेण्याआधी चेंबर धुऊन पूर्ण कोरडं करा, मगच परत वेल्डिंगला द्या. सगळं झालं की पुन्हा धुवा. सुकवायला गॅरेजमधलं कापसाचं वेस्ट वापरू नका. त्याचे तंतू फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात) जातात.

टप्पा ७ : चेंबर आणि सेन्सर लावणं

चुंबक जागेवर, पॅकिंग नवीन. पुस्तिकेत पॅकिंगऐवजी सिलिकॉन सांगितलं असेल तर बारीक, सलग धार द्या. जाड धार दाबली गेली की तिचे गोळे आत पडतात. बोल्ट तिरक्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट लहान असतात आणि त्यांना लागणारा टॉर्क पुस्तिकेत दिलेला असतो. लांब पाना लावून जोर काढायची ही जागा नव्हे.

सेन्सरच्या थ्रेडवर टेफ्लॉन टेप नको. टेपचा तुकडा आत गेला तर तो व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटा बुजवतो, आणि एका वायरच्या सेन्सरची अर्थही तोडतो. द्रव थ्रेड सीलंट घ्या, पहिले दोन आटे मोकळे सोडून अगदी थोडं लावा. सेन्सर हाताने घट्ट करा, मग पान्याने दीड ते दोन फेरे. तिथे थांबा.

तपासा : मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक सेन्सरच्या पितळी अंगाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. एक ओहमपेक्षा कमी आलं पाहिजे. जास्त आलं तर इंजिनची अर्थ पट्टी गंजलेली आहे. ती आधी घासून घट्ट करा. अर्थ कच्ची असेल तर मीटर खरं आहे त्यापेक्षा कमी तापमान दाखवतं, आणि हीच चूक सर्वांत धोक्याची.

टप्पा ८ : वायरिंग

बॅटरीची निगेटिव्ह काढा. सेन्सरची वायर कंपनीच्या मूळ वायरिंगच्या सोबतीने वर न्या. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि फिरणाऱ्या जोडांपासून लांब. गरम पाइपाजवळून जाणं टळत नसेल तर फायबरग्लासची स्लीव्ह घाला. इंजिन-गिअरबॉक्स हलतात, म्हणून थोडी सैल ठेवा. डॅशबोर्डकडे जाताना असलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच न्या, आणि ग्रोमेटच्या आधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे नाला ओलांडताना आलेलं पाणी वायरीवरून आत न जाता खाली टपकतं.

मीटरचा पॉझिटिव्ह अशा फ्यूजवरून घ्या जिथे चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट येतात आणि बंद केल्यावर शून्य. फ्यूज टॅप वापरा, त्यात २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज. एअरबॅग, एबीएस आणि ईसीयूच्या फ्यूजला हात लावू नका. मीटरच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवरून. अर्थ उघड्या लोखंडाला, रंगावर नाही. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी थिंबल दाबा आणि वरून श्रिंक स्लीव्ह लावा.

गाडी गोठ्याजवळ किंवा ढेपेच्या, सरकीच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल तर उंदीर येणारच. तिथे वायरीवर प्लास्टिकऐवजी धातूची वेणी असलेली स्लीव्ह घाला.

टप्पा ९ : तेल भरणं आणि पातळी

जितकं निघालं तितकं, आणि कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं तेल भरा. डब्ल्यूएस (टोयोटाच्या तेलाचा प्रकार) सांगितलं असेल तर डब्ल्यूएसच. "सगळ्यात चालतं" असं लिहिलेल्या डब्यावर भरवसा ठेवू नका.

डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सची पातळी इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानाला तपासतात. हा टप्पा मॉडेलप्रमाणे साधारण ३५ ते ५० अंशांच्या मधला एक छोटा पट्टा असतो. आपल्या उन्हाळ्यात गोची होते ती इथे. दुपारी हवा ४५ अंश, उन्हात उभ्या गाडीचं तेल आधीच त्या पट्ट्यात किंवा वर. इंजिन चालू करून बोल्ट उघडेपर्यंत तापमान पट्ट्याच्या बाहेर जातं, फुगलेलं तेल बाहेर वाहतं आणि गिअरबॉक्समध्ये कमी उरतं. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत हे काम पहाटेच करा. गाडी रात्रभर सावलीत उभी असू द्या.

गाडी चारही बाजूंनी समतल असावी. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, गिअर लिव्हर प्रत्येक स्थानावर काही सेकंद ठेवत फिरवा. तापमान पट्ट्यात आलं की पातळीचा बोल्ट उघडा. बारीक धार पडून थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे. इंजिन चालू असताना गाडीखाली जायचं असल्याने ब्रेकवर एक माणूस बसलेला हवाच.

टप्पा १० : चालवून पाहणं

सकाळी चावी चालू केल्याबरोबर मीटरने हवेइतकंच तापमान दाखवायला हवं. मग २०-३० किलोमीटर सडकेवर चालवा. निरोगी गिअरबॉक्स साधारण ८० ते ९५ मध्ये स्थिरावतो. परतल्यावर सेन्सर, वेल्डिंग आणि चेंबरची कड कोरड्या कापडाने पुसून अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि पुन्हा थोडं चालवा. पावडर जिथे ओली झाली तिथे गळती.

पहिल्या आठवड्यात सडक, घाट, पांदण अशा ठिकाणचे आकडे लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलनेला तेच कामी येतात. आकडा ११० ओलांडू लागला तर खालचा गिअर घ्या, एसी बंद करा, ओझं कमी करा. १२० च्या वर गेला तर गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक लावून एन मध्ये ठेवा आणि इंजिन चालूच राहू द्या. लोक घाबरून इंजिन बंद करतात. मग पंप थांबतो, तेल कूलरपर्यंत पोचत नाही आणि गरम तेल आतच बसून राहतं. काटा १०० च्या खाली आला की मगच निघा.

कापसाच्या हंगामात आकडा विनाकारण ५-१० अंश वर राहू लागला तर गिअरबॉक्सवर शंका घेण्याआधी समोरचा कूलर पाहा. जिनिंगच्या आवारात ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू आणि वावरातली कुसळं अडकतात आणि हवा अडते. मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जास्त दाबाने पातळ पात्या वाकतात. पावसाळा संपला की एकदा गाडीखाली जाऊन सेन्सरभोवती वाळलेली काळी माती लाकडी काडीने काढा आणि वायरची स्लीव्ह कुठे घासली आहे का बघा.